सोन्याचे मणी, चांदीचे मणी, डाळिंबी रेशीम: गुजरीतून करून घेतलेली ठुशी

कोल्हापूरच्या गुजरीतून मी सोनं आणि चांदी एकत्र ओवलेली ठुशी करून घेतली. पावसाळा तोंडावर असताना ती हातात आली. तेव्हापासून बँकेत, बाजारात, हळदीकुंकवाला, एका बारशाला आणि एका लग्नाला घालून झाली. दागिना मला मनापासून आवडला आहे, आणि तो आवडण्यामागे जी कारणं आहेत ती नीट सांगावीत म्हणून हे लिहिते. कारण आपल्यापैकी बहुतेकींच्या डब्यात तुटक्या माळेचे सोन्याचे मणी असतात, लेकीच्या लहानपणीची चांदी असते, आणि "सोन्याबरोबर चांदी शोभत नाही" या एका वाक्यापायी दोन्ही वर्षानुवर्षं तशीच पडून राहतात.

दुकानाचं नाव देत नाही. मी लिहिणार आहे असं सांगितलं तेव्हा दुकानदार काकाच नको म्हणाले. त्यांच्याकडे ओवायला एकच मामा बसतात. गर्दी झाली की कामाची प्रत उतरते, हे त्यांचं म्हणणं मला पटलं. अंबाबाईच्या देवळाजवळच्या या सराफ गल्लीत अशी कामं करणारे लोक अजून आहेत. काय मागायचं आणि काय तपासायचं ते माहीत असलं, की दुकान सापडतं.

माझ्याकडे होतं ते आधी सांगते. सासूबाईंच्या बोरमाळेतले नऊ मणी शिल्लक होते. बाकीचे कधी मोडीत गेले, कधी नणंदेच्या कानातल्यांत गेले. नऊ मण्यांत बोरमाळ होत नाही. नवे मणी घालून पूर्ण करावी म्हटलं, तर २०२५ मध्ये सोनं दहा ग्रॅमला लाखाच्या वर गेलं आणि तो विचार तिथेच थांबला. एक ग्रॅम सोन्याचे, म्हणजे तांब्या-पितळेवर मुलामा दिलेले मणी मध्ये घालून माळ भरून काढा, असं एका दुकानात सुचवलं गेलं. ते मला मान्य नव्हतं. मुलामा नवा असतो तोवर खऱ्या सोन्यापेक्षा जास्त पिवळा दिसतो, आणि मण्याच्या फुगीर भागावरून झिजला की आतलं तांबं डोकावतं. शेजारी खरं सोनं असलं की हा फरक लपत नाही. खऱ्या सोन्याच्या शेजारी खरी चांदी बसवली, तर दोन्ही आपापल्या रंगाने राहतात. कुणी कुणाची नक्कल करत नाही. मला तेच हवं होतं.

काकांनी पहिल्यांदा मणी कसोटीवर घासले. काळ्या दगडावर पिवळी रेघ, तिच्यावर आम्लाचा थेंब, रेघ टिकली. मग एक चेपलेला मणी कडेने उकलून आतली लाख दाखवली. बोरमाळेचे जुने मणी पातळ पत्र्याचे असतात आणि आत लाख भरलेली असते, हे मला ऐकून माहीत होतं. पण तो उकललेला मणी हातात घेतल्यावर कळलं की आपण ज्याला वजन समजतो त्यात लाखेचा वाटा किती असतो. मण्यांचं वजन करून त्यांनी ते बिलाच्या मागे "लाखेसह" असं लिहून दिलं. आपलं सोनं दुकानात ठेवून यायचं असेल तर एवढं लिहून घ्यायलाच हवं. मी न मागता त्यांनी ते दिलं, तिथेच माझा विश्वास बसला.

चांदीचे मणी हुपरीहून आले. हातकणंगले तालुक्यातलं हे गाव चंदेरी नगरी म्हणूनच ओळखलं जातं. पैंजण म्हटलं की सगळ्यांना हुपरी आठवते, पण तिथे मणी, साखळ्या, फासे, घुंगरू असं सुटं कामही घरोघरी चालतं. काकांनी तीन पुड्या समोर ठेवल्या. एक आरशासारखी चकाकणारी, दुसरी बारीक दाणेदार पृष्ठभागाची मंद पांढरी, तिसरी ऑक्सिडाइज्ड, म्हणजे गंधकाच्या रसायनाने मुद्दाम काळवंडवून उंचवटे परत उजळलेली.

मला वाटत होतं की रंगाचाच प्रश्न आहे, पिवळा आणि पांढरा कसा जुळवायचा. काकांनी काही न बोलता सोन्याचे दोन मणी आळीपाळीने तिन्ही पुड्यांवर ठेवले. चकाकणाऱ्या चांदीवर आमचं जुनं सोनं थकल्यासारखं दिसलं. ऑक्सिडाइज्डवर ते उठून दिसलं, पण चांदीच दिसेना, नुसता काळा-पिवळा. मंद पांढऱ्या मण्यांवर ठेवल्याबरोबर दोन्ही धातू शांत झाले. जुन्या बावीस कॅरेट सोन्याला तांब्याची लालसर झाक असते, त्यावर वर्षानुवर्षांच्या वापराने एक मऊपणा आलेला असतो. त्याला जोडीला तसाच मऊ पृष्ठभाग लागतो. त्या दिवसापासून मी दोन धातू एकत्र घालताना रंग बघतच नाही, आधी पॉलिश बघते. मंद असेल तर मंदाबरोबर, चकचकीत असेल तर चकचकीताबरोबर. हे जमलं की पिवळं-पांढरं आपोआप जमतं.

मग मांडणी. काकांची सूनबाई काउंटरवर होती, तिने लाल मखमलीच्या ट्रेमध्ये मणी मांडायला दिले. मी एक सोन्याचा, एक चांदीचा असे लावले. जवळून छान वाटत होतं. काका म्हणाले, "ताई, एकाआड एक नको ओ. जरा मागं जाऊन बघा की." दुकानाच्या दारापर्यंत मागे गेले आणि बघितलं, तर दोन्ही रंग मिसळून पितळेसारखा एक तिसराच रंग दिसत होता. "लांबनं पितळ वाटतंय बघा," ते म्हणाले. खरंच तसंच होतं. मग सोन्याचे सात मणी एकत्र मध्यभागी घेतले आणि दोन्ही बाजूंना चांदीचे बारीक मणी ठुशीसारखे दाटीने लावले. उरलेले दोन सोन्याचे मणी काकांनी दोन टोकांना, जिथे मणी संपून दोरा सुरू होतो तिथे लावले. त्या दोन मण्यांनी सगळा फरक पडला. नुसते मधलेच सात असते तर चांदीच्या माळेत सोन्याचं पदक अडकवल्यासारखं झालं असतं. टोकाला सोनं परत आल्यावर ते सगळ्या माळेचं झालं.

हातांच्या, कानांच्या बाबतीतही मी आता तसंच करते. एखादा धातू अंगावर एकाच जागी असला तर तो चुकून राहिल्यासारखा दिसतो. दुसऱ्या कुठल्या तरी जागी त्याला उत्तर मिळालं, अगदी बोटातल्या बारीक अंगठीचं का असेना, की तो ठरवून घातलेला दिसतो.

ओवणारे मामा पटवेकरी आहेत. दुकानाच्या पायरीलगत जाजमावर बसतात. दोऱ्याचा पीळ पायाच्या अंगठ्यात अडकवून ताणतात आणि दोन्ही हात मोकळे ठेवून गाठी मारतात. त्यांनी मला विचारलेली पहिली गोष्ट, "रेशीम कुठलं?" मी काळं म्हणणार होते. मामांनी एक चांदीचा मणी घेऊन त्याच्या खाली आधी पिवळं रेशीम धरलं, मग काळं, मग लाल, मग डाळिंबी. पिवळ्यावर चांदी मळकी दिसली. काळ्यावर चांदी छान, सोन्याच्या कडा मात्र बोथट. भडक लालवर नजर दोऱ्यावरच जात होती. डाळिंबी रंग सोन्याला त्याची तांबूस झाक परत देत होता आणि चांदीच्या गोलाईत एक हलकी गुलाबी छटा पाडत होता. मण्यांच्या मधून दोरा दिसतो तो केसाएवढा. तेवढ्यावर दागिन्याचा अख्खा रंग ठरतो, हे मी त्या पायरीवर उभी राहून बघितलं. दोन धातू जोडणारी खरी गोष्ट माझ्या ठुशीत हे रेशीम आहे. मामांनी प्रत्येक सोन्याच्या मण्याच्या दोन्ही बाजूंना बारीक गाठ घातली आहे. लाखेचा पातळ मणी शेजारच्या मण्यावर घासून चेपू नये म्हणून ती गाठ. मागितल्याशिवाय कुणी एवढं करत नाही.

आता वापराबद्दल. रोज माझ्या गळ्यात दोन वाट्यांचं आखूड मंगळसूत्र असतं, पिवळं धमक. ठुशी त्याच्या वर, गळ्यालगत बसते. मध्ये चार बोटं मोकळी राहतात. ही जागा महत्त्वाची आहे. दोन धातूंचे दोन दागिने एकमेकांवर चढले की गुंता दिसतो, मध्ये कातडी दिसली की दोन्ही वेगळे कळतात. काळे मणी इथे फार मदत करतात. काळा रंग सोन्याचाही सोबती आणि चांदीचाही, त्यामुळे मंगळसूत्रासोबत चांदी घालायला घाबरणाऱ्या मैत्रिणींना मी सांगते की तुमच्या गळ्यात दुवा आधीच आहे. कानात मोत्यांच्या कुड्या घालते, मोत्याचंही तसंच, तो सोन्यात बसवलेला असला तरी चांदीशी भांडत नाही.

हातांत मात्र मी नियम पाळते, आणि तो दिसण्यापेक्षा टिकण्यासाठी. बावीस कॅरेट सोनं मऊ, चांदीही मऊ. स्टीलच्या पट्ट्याचं घड्याळ आणि सोन्याची पाटली एका मनगटावर घातली की काही आठवड्यांत पाटलीवर बारीक ओरखडे येतात. घड्याळ एका हातात, पाटली दुसऱ्या. चांदीचा तोडा घालायचा असेल तर पाटली आणि तोडा यांच्यामध्ये हिरव्या काचेच्या दोन-दोन बांगड्या. आपल्याकडे पिछोडी, पाटल्या, तोडे यांच्या मध्ये काचेचा चुडा भरायची रीत आहेच. त्या रीतीत धातूवर धातू आपटत नाही आणि दोन धातूंच्या मध्ये हिरव्याची एक पट्टी येते, डोळ्याला थांबायला जागा मिळते.

कमरेच्या वर सोनं आणि खाली चांदी, सोनं म्हणजे लक्ष्मी, ते पायात घालायचं नाही, हे मी आजही पाळते. पैंजण, जोडवी, मासोळ्या चांदीच्याच. पण चांदी वर घालायची नाही असं त्यातून निघत नाही. आमच्या गावाकडच्या म्हाताऱ्या बायकांच्या गळ्यात चांदीची सरी असायची, दंडात वाक्या, हातात चांदीचे भरीव गोठ, आणि नाकात, कानात सोनं. शेतात राबणाऱ्या बाईच्या अंगावर सोनं-चांदी एकत्रच होतं. माझी बंगाली शेजारीण लग्नापासून हातात शंखाची पांढरी बांगडी, लाल पोला बांगडी आणि सोन्याने मढवलेला लोखंडाचा कडा घालते. लोखंड आणि सोनं एकाच कड्यात. त्यांच्याकडे तो सौभाग्यालंकार आहे. दोन धातूंची जोडी ही कुण्या मासिकाने काढलेली टूम नाही, एवढं मला त्या "शोभत नाही" म्हणणाऱ्यांना सांगायचं आहे.

साड्यांचा अनुभव लिहिते. सगळ्यांत सुंदर दिसते ती इरकलीवर आणि खणाच्या ब्लाउजवर. खणाच्या वीणीत स्वतःची एक मंद चमक असते, तिच्याशी दाणेदार चांदीचं पटकन जमतं. सुती हातमागाच्या साडीवर, विशेषतः राखाडी, निळ्या, मेंदी रंगावर, रोज घालण्याजोगी. पांढऱ्या साडीवर सोन्याचे सात मणी एवढे उठून दिसतात की लोक तेवढेच बघतात. लग्नात मी पैठणीवर घातली आणि तिथे ती हरवली. सोनेरी जरीचा रुंद काठ, पदरावर भरगच्च मोर, त्या पिवळ्या उजेडात मंद चांदी राखाडी पडते. पैठणीवर सोन्याचीच ठुशी, नाहीतर मोत्यांची चिंचपेटी. मात्र रुपेरी जरीची साडी असेल, किंवा काठ सोनेरी आणि बुट्टे रुपेरी असतील, तर ही माळ जणू त्या साडीसाठीच केली आहे असं वाटतं.

माझ्या भाचीने माझी ठुशी बघून स्वतःचा डबा उघडला. पुण्यात नोकरी करते, तिच्याकडे व्हाइट गोल्डची हिऱ्याची अंगठी, प्लॅटिनमची साखळी, चांदीचे झुमके आणि रोझ गोल्डचं ब्रेसलेट. तिला वाटे, पांढरं पांढऱ्याबरोबर चालतंच. पण सगळं एकत्र मांडलं तर तीन पांढरे तीन तऱ्हेचे. चांदी सगळ्यांत उजळ, प्लॅटिनम त्याहून करडं. व्हाइट गोल्डवर ऱ्होडियम या पांढऱ्या धातूचा थर असतो, तोवर ते झगझगीत पांढरं, थर झिजला की खालची पिवळसर झाक वर येते, मग चांदीच्या शेजारी ते जुनं वाटायला लागतं. परत ऱ्होडियम चढवून घेता येतं, ते खर्चाचं काम आहे हे धरून चालावं. रोझ गोल्डमध्ये तांब्याचं प्रमाण जास्त असतं, म्हणून तो गुलाबी रंग. मला स्वतःला पिवळं सोनं आणि रोझ गोल्ड शेजारी आवडत नाही, एकामुळे दुसरं फिकं वाटतं. चांदी आणि रोझ गोल्ड मात्र सुरेख. तिला मी सुचवलं की झुमके आणि ब्रेसलेट एकत्र घाल, अंगठी आणि साखळी एकत्र घाल, चारही एकदम नको. तिने फोटो पाठवला आणि तो तसाच छान आला होता.

याच भाचीने एका मोठ्या दालनातून टू-टोन बांगड्या घेतल्या होत्या. पिवळ्या बांगडीवर पांढरी वेलबुट्टी. ती वेलबुट्टी वेगळा धातू नव्हताच, सोन्यावर ऱ्होडियमचा पातळ थर होता. मनगटाच्या हाडाला घासणारी बाजू वर्ष संपायच्या आत पिवळी झाली, वेल अर्धी राहिली. विकणाऱ्याने हे आधी सांगायला हवं होतं. दोन रंगांचा दागिना घेताना मी म्हणूनच एकच प्रश्न विचारायला सांगते: दुसरा रंग हा दुसरा धातू आहे की पॉलिश? चांदीवर सोन्याचं पाणी दिलेले दागिने घेतानाही थर किती मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) ते विचारा. अमेरिकेत चांदीवरच्या मुलाम्याला वर्मेल म्हणून विकायचं तर किमान अडीच मायक्रॉन सोनं लागतं. आपल्याकडे हा आकडा विचारला की अनेक काउंटरवर गप्पा सुरू होतात, उत्तर मिळत नाही. ज्याने आकडा सांगितला आणि बिलावर लिहून दिला, त्याच्याकडून घ्यावं.

ओवलेल्या दागिन्याचा एक मोठा फायदा इथेच आहे. माझ्या ठुशीत डाग नाही, म्हणजे सोनं आणि चांदी एकमेकांना जोडलेली नाहीत, फक्त रेशमाने बांधलेली आहेत. उद्या मोडायची वेळ आली तर दोरा कापला की सोनं सोन्याच्या काट्यावर आणि चांदी चांदीच्या. डाग देऊन एकजीव केलेला दोन धातूंचा दागिना मोडीला नेला की वजनात, शुद्धतेत घासाघीस सुरू होते आणि नुकसान नेहमी आपलं होतं. मुलीला पुढे कधी बोरमाळ पूर्ण करावीशी वाटली तर नऊ मणी जसेच्या तसे तिला मिळतील, हेही आहेच.

बिलाबद्दल. काकांनी चांदीचं वजन, दर, घडणावळ, ओवायची मजुरी असे वेगळे रकाने केले आणि वर तीन टक्के जीएसटी. चांदीपुढे ९२५, म्हणजे साडेब्याण्णव टक्के शुद्ध, असं लिहून घेतलं. सोन्याच्या दागिन्यांना हॉलमार्क २०२१ पासून टप्प्याटप्प्याने बंधनकारक झाला, आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अंकी-अक्षरी एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा ओळख क्रमांक, असल्याशिवाय नवा दागिना विकता येत नाही. चांदीला तशी एचयूआयडीची सोय १ सप्टेंबर २०२५ पासून आली, पण ती ऐच्छिक आहे. सुट्या बारीक मण्यांवर शिक्का मारणं शक्यच नसतं, म्हणून बिलावरची ओळ हाच आपला पुरावा. सोन्याची नवी वस्तू जोडीला घेणार असाल तर भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर अ‍ॅपवर एचयूआयडी टाकून तिथल्या तिथे बघा. मी शेजारच्या दुकानात अंगठी बघताना तसं केलं आणि दुकानदाराने आनंदाने भिंग काढून दिलं.

आता जे मनासारखं झालं नाही ते. मानेमागचा रेशमी गोंडा जाड आहे. मागे खोल गळ्याचं ब्लाउज असेल तर तो शोभतो, पण बंद गळ्याच्या ब्लाउजमध्ये मानेला टोचत राहतो आणि खुर्चीला टेकलं की कळतं. मामांच्या मते जाड गोंड्याने माळ मागे सरकत नाही, पुढे लोंबत नाही. त्यात तथ्य आहे, ठुशी जागची हलत नाही. तरी बँकेत दिवसभर बसणाऱ्या बाईसाठी निम्म्या जाडीचा गोंडा पुरला असता. दुसरं, वेळ. सांगितलेल्या वारापेक्षा काम बरंच पुढे गेलं. लग्नसराई होती, हातघाईत करून दिलं असतं तर मला नकोच होतं, पण फोन करून कळवायला हवं होतं. तिसरं म्हणजे मानेजवळचे चांदीचे मणी पुढच्यांपेक्षा लवकर पिवळसर झाले. घाम आणि अत्तर तिथेच लागतं. याला दुकान जबाबदार नाही, मात्र घेताना हे कुणी सांगितलं नव्हतं.

चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकामुळे, आणि मिश्र दागिन्याची पंचाईत ही की चांदीचं औषध सोन्याच्या लाखेला चालत नाही. बाजारात मिळणाऱ्या सिल्व्हर डिपमध्ये माळ बुडवली तर रेशीम भिजून सडेल. गरम पाण्यात सोडा आणि अ‍ॅल्युमिनियमची फॉइल ही युक्ती नुसत्या चांदीला उत्तम आहे, पण गरम पाण्याने मण्यातली लाख मऊ होते आणि मणी हाताखाली चेपतो. टूथपेस्ट तर मंद पॉलिशवर कधीच नको, बारीक चरे पडून तो पृष्ठभागच जातो आणि ज्याच्यासाठी हे मणी निवडले तेच नाहीसं होतं. मी घरी आल्याबरोबर मऊ कोरड्या मलमलने एकेक मणी पुसते, वाऱ्यावर थोडा वेळ ठेवते, मग हवाबंद पिशवीत खडूचा तुकडा घालून ठेवते. रबरबँड गुंडाळायचा नाही, रबरात गंधक असतं. लोकरीच्या शालीत बांधून ठेवायची नाही. अत्तर आधी, ठुशी नंतर. एवढं सांभाळलं म्हणून पुढच्या चांदीच्या मण्यांवर अजून काळपट छटा नाही.

रेशीम घाम पितं, म्हणून वर्षा-दीड वर्षात परत ओवून घ्यावं लागेल असं मामांनी देतानाच सांगितलं. तेव्हा मजुरी फक्त ओवण्याची, आणि चांदीचे मणी सुटे करून उजळून देणार.

तुम्ही असं काही करून घेणार असाल तर रोजचं मंगळसूत्र गळ्यात घालूनच जा आणि सर्वांत जास्त वापरता त्या ब्लाउजच्या गळ्याचं माप सोबत न्या. दुकानातल्या दिव्याखाली काही ठरवू नका. तिथला पिवळा उजेड सोन्याला खुलवतो आणि चांदीचा खरा रंग लपवतो, म्हणून ट्रे दारात आणून दिवसाच्या उजेडात बघा. जुने मणी देण्याआधी मोजून फोटो काढा, वजन लिहून घ्या. गोंडा बारीक हवा असेल तर रेशीम निवडतानाच सांगा, कारण पीळ तेव्हाच ठरतो. माझा गोंडा पुढच्या ओवणीत मामा बारीक करून देणार आहेत, आणि त्याच वेळी चांदीच्या मण्यांची एक पदर वाढवायची का हे आमच्यात अजून ठरायचं आहे. मामा नको म्हणतात. मला हवी आहे.